"तुमच्या घरी बंदूक आहे का?" लेकीला मैत्रिणीकडे राहायला पाठवण्याआधी हे विचारावं का?

गवती_चहा | २ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेले चार दिवस एक प्रश्न ओठांवर येतो आणि मी तो गिळते. म्हणून हा धागा.

आम्ही नऊ वर्षं मिशिगनमध्ये, ओकलंड काउंटीत राहतो. लेक अकरा वर्षांची, पाचवीत. येत्या शनिवारी तिला वर्गमैत्रिणीकडे रात्री राहायला बोलावलंय. मुलगी गुणी आहे, आमच्याकडे दर आठवड्याला येते. काही खात मात्र नाही, स्वतःचा डबा घेऊन येते. आपलं खाणं आवडत नसेल म्हणून मीही आग्रह करायचं सोडलं. तिचे वडील शिकारी आहेत. इथे १५ नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि काही गावांत त्या दिवशी शाळेलाही सुट्टी असते, इतकं ते इथल्या जगण्याचा भाग आहे. म्हणजे घरात बंदुका आहेत, हे मला न विचारताच माहीत आहे. त्या कुलपात आहेत का, गोळ्या वेगळ्या ठेवतात का, हे मला विचारायचंय. आणि तेच तोंडातून निघत नाहीये.

ऑक्सफर्ड हायस्कूल आमच्या घरापासून गाडीने पंचवीस मिनिटांवर. ३० नोव्हेंबर २०२१ ला तिथल्याच पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला, सात जण जखमी झाले. ते पिस्तूल त्याच्या वडिलांनी चारच दिवस आधी, ब्लॅक फ्रायडेला विकत घेतलं होतं. माझी लेक तेव्हा दुसरीत. त्यानंतर एकदा वरणभात कालवताना तिने शाळेतल्या लपण्याच्या सरावाबद्दल सांगितलं, "आई, लॉकडाऊन ड्रिलमध्ये माझी जागा पुस्तकांच्या रॅकमागे आहे. लॉक्स, लाइट्स, आउट ऑफ साइट. शिंक आली तर तोंड कोपरात दाबायचं." पाढा म्हणावा तशा सुरात सांगितलं. माझा घास तोंडातच फिरत राहिला.

काल मोठे दीर आले होते. त्यांच्याजवळ विषय काढला तर म्हणाले, "अगं, या देशात लहान मुलं पोहायच्या तलावात जास्त दगावतात. गाडीत बसवून हायवेने नेतेस तेव्हा भीती वाटत नाही, आणि बंदुकीचं एवढं काय घेऊन बसलीस?" भाऊजी विचारी माणूस आहेत, उगाच बोलत नाहीत. म्हणून मी रात्री बसून आकडे पाहिले. एक ते चार वर्षांच्या मुलांत बुडणं हे मृत्यूचं पहिलं कारण आहे, तिथे भाऊजींचं बरोबर आहे. पण एक ते एकोणीस वर्षं असा पूर्ण गट घेतला, तर २०२० पासून बंदूक पहिल्या क्रमांकावर आहे. मोटार अपघातांच्याही वर.

आणि मला खरं खटकतंय ते पुढे आहे. त्या मैत्रिणीच्या घरामागे तळं आहे. "मुली पाण्यात उतरणार असतील तर लाइफ जॅकेट आहेत ना, मोठं माणूस बरोबर असेल ना?" हे मी तिच्या आईला फोनवर सहज विचारलं. तिनेही सहज सांगितलं. गाडीतून नेणार तर सीटबेल्ट, हेही विचारलं. बंदुकीचं विचारायला मात्र जीभ जड होते. तळ्याचं विचारणं म्हणजे काळजी आणि बंदुकीचं विचारणं म्हणजे अविश्वास, हे कुणी ठरवलं?

तुमच्यापैकी कुणी विचारलंय? कसं विचारलंत? तुमच्याकडे बंदूक असेल, तर असं विचारलेलं तुम्हाला कसं वाटतं?

पोळपाट | २ जून, रात्री १०:०५

विचार. मी ओहायोत दोनदा विचारलंय. दोन्ही वेळा चांगलं उत्तर मिळालं. इथे बालरोगतज्ज्ञसुद्धा पालकांना हेच सांगतात, खेळायला पाठवण्याआधी विचारा. "आमची कार्टी फार उचापती आहे, म्हणून सगळ्यांनाच विचारते" असं मी सुरुवातीला जोडते.

ह्यूस्टनकर | २ जून, रात्री ११:२२

मी टेक्सासमध्ये राहतो, माझ्याकडे दोन पिस्तुलं आणि एक रायफल आहे. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट लिहितो.

विचारा. पण बंदूकवाला म्हणजे बेपर्वा, हे मनात धरून विचारू नका, कारण ते आवाजात उतरतं. आम्ही शहरापासून दूर राहतो. रात्री दोन वाजता शेरीफची गाडी यायला अर्धा-पाऊण तास लागतो. २०१७ च्या वादळात सात दिवस वीज नव्हती, रस्ते पाण्याखाली होते. त्या आठवड्यात घरात बंदूक आहे म्हणून मी झोपू शकलो. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, मलाही लागला होता. इथल्या दर तीन प्रौढांपैकी जवळजवळ एकाकडे बंदूक आहे, आणि त्यातले बहुतेक जण स्वसंरक्षण हेच मुख्य कारण सांगतात. ती सगळी माणसं माथेफिरू नाहीत.

दुसरं. २००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा घटनादत्त हक्क आहे. २०२२ मध्ये ब्रूएन खटल्यात तो घराबाहेरही मान्य केला. हा हक्क देणारी घटनादुरुस्ती १७९१ ची आहे. ती आवडो न आवडो, उद्या पुसली जाणार नाही. म्हणून "बंदुका हव्यात की नकोत" या वादात मी वेळ घालवत नाही.

आणि तुमच्या दिरांचा मुद्दा मोडीत काढू नका. शाळेतल्या गोळीबाराची भीती टीव्हीने फुगवलेली आहे. एका विशिष्ट मुलाच्या वाट्याला ते येण्याची शक्यता फारच कमी आहे.

लोकल_७_४२ | ३ जून, सकाळी ८:१५

डोंबिवलीहून लिहितोय. धागा वाचून पोटात तुटलं, पण एक मनातलं लिहितो.

मुंबईच्या लोकलमार्गांवर दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास माणसं मरतात. रूळ ओलांडताना, दारातून पडून, खांब लागून. पूर्वी आकडा याहूनही मोठा होता. माझ्या डब्यातला एक जण गेला. रोज दारात उजव्या बाजूला उभा राहायचा, दोन दिवस ती जागा कुणी घेतली नाही. तिसऱ्या दिवशी गर्दी होती, घेतली.

याची जगभर बातमी होत नाही. तुमच्याकडे शाळेत गोळीबार झाला की माझी आई इथे टीव्हीसमोर रडते आणि मी सकाळी निघताना "डबा घेतलास का" एवढंच विचारते. रोजच्या मरणाला माणूस इतका सरावतो. तुमची भीती खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. आमची भीती मेली आहे, आणि मला ते जास्त भयंकर वाटतं.

भाजक | ३ जून, सकाळी ११:३०

संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून राहवलं नाही. तुलना करायला माझी हरकत नाही, तुलना केलीच पाहिजे. पण आधी भाजक बघा. किती मेले, हा अंश झाला. कितीपैकी, किती तासांत, कुठल्या वयात, हा भाजक. वाद बहुतेक वेळा भाजक लपवून चालतो.

"तलाव बंदुकीपेक्षा धोकादायक" हे वाक्य दर तलावामागे किती आणि दर बंदुकीमागे किती, या हिशोबाने येतं. अमेरिकेत नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी बंदुका आहेत, हा २०१७ चा अंदाज. म्हणजे दर शंभर माणसांमागे १२० (भारतात पाच). भाजक इतका मोठा असला की दर नगामागचा धोका लहानच दिसणार. पण एकाच माणसाच्या कपाटात दहा असतील, तर त्या घरातल्या मुलाला धोका एका घराचा आहे, दहा भागांत वाटलेला नाही. शिवाय तलावाची गोष्ट मुख्यतः चिमुरड्यांची आहे. धागाकर्तीची मुलगी अकराची आहे, तिला पोहता येत असेल. तिच्या वयाला पाण्याचा धोका उतरत जातो आणि बंदुकीचा चढत जातो.

आता ह्यूस्टनकरांचा शाळेतल्या गोळीबाराचा मुद्दा. तो बरोबर आहे, पण तिथे थांबता येत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसं गेली. त्याच वर्षी रस्त्यावर ४०,९०१. त्या ४६,७२८ पैकी २७,३०० आत्महत्या आहेत आणि १७,९२७ खून. ज्या सामूहिक गोळीबारांची आपण चर्चा करतो, त्यांचा वाटा शंभरात एकाच्या आसपास येतो. म्हणजे बातमी एका टक्क्याची, वादही त्याच एका टक्क्यावर, आणि निम्म्याहून जास्त माणसं घराच्या आत, एकटी, स्वतःच्या हाताने जाताहेत. त्यांच्याबद्दल दोन्ही बाजू क्वचितच बोलतात.

भीतीचा हिशोब चुकला की त्याचीही किंमत पडते. ११ सप्टेंबर २००१ नंतर कितीतरी अमेरिकन लोकांनी विमान सोडून गाडीने प्रवास केला. गेर्ड गिगरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने पुढच्या वर्षभराचे आकडे तपासले, तर रस्त्यावर सुमारे दीड हजार जादा मृत्यू झाले होते. विमानाला घाबरून ती माणसं हायवेवर गेली.

एक शेवटचं. मोटारीशी तुलना करणारे अर्धीच तुलना करतात. १९६६ मध्ये अमेरिकेने वाहनसुरक्षेचा केंद्रीय कायदा केला. तेव्हा दर दहा कोटी मैलांमागे साडेपाच माणसं मरत होती, आता सव्वाच्या आसपास. गाड्या कुणी काढून घेतल्या नाहीत. पट्टे आले, रस्ते बदलले, प्रत्येक अपघात नोंदवून अभ्यासला. बंदुकीच्या बाबतीत १९९६ च्या डिकी दुरुस्तीने सरकारी आरोग्यसंस्थेला असं दबावात ठेवलं की दोन दशकं या विषयावरचं सरकारी संशोधन जवळपास थंडावलं. ज्या खासदाराच्या नावाने ती दुरुस्ती ओळखली जाते, त्याने पुढे स्वतःच संशोधनाची बाजू घेतली. २०१९ च्या डिसेंबरात कुठे अडीच कोटी डॉलर मंजूर झाले. "गाडीनेही माणसं मरतात" असं म्हणणाऱ्याने गाडीसाठी जे केलं, ते बंदुकीसाठी करायला तयार असलं पाहिजे.

गवती_चहा | ३ जून, संध्याकाळी ६:५०

भाजक, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. आत्महत्यांचा आकडा ऐकून आम्ही दोघंही गप्प झालो. मी चार दिवस फक्त खेळता खेळता चाप ओढला जाईल, एवढाच विचार करत होते.

लोकल_७_४२, काय लिहू? तुमचा "डबा घेतलास का" वाचून माझी आई आठवली. ती सांगलीहून दर बातमीनंतर फोन करते, "या परत." आणि माझा भाऊ पुण्यात रोज हेल्मेटशिवाय कात्रजचा घाट उतरतो, त्याला ती काही म्हणत नाही.

पेठेतला | ३ जून, संध्याकाळी ७:३०

हेल्मेटचा विषय निघालाच आहे तर पुणेकर म्हणून लिहितो. आमच्या शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध समित्या झाल्या, मोर्चे निघाले, मीही एकात चाललोय. "डोकं माझं, निर्णय माझा" ही घोषणा मी मनापासून दिली होती. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली दुचाकीवरची होती. त्यात चौदा हजारांहून जास्त मागे बसलेली. मागे बसलेल्याचा निर्णय कुणाचा असतो? बायकोला मागे बसवून मी वीस वर्षं गाडी चालवली, तिला एकदाही विचारलं नाही. आता दोन हेल्मेट आहेत. अमेरिकेतल्या बंदूकवाल्याला मी नावं ठेवणार नाही, कारण त्याची भाषा मी बोललेलो आहे.

सड्यावरचा | ३ जून, रात्री ९:१०

आमच्या घरी सिंधुदुर्गात आजोबांची ठासणीची बंदूक होती. शेतीसंरक्षणाचा परवाना. रानडुकरं एका रात्रीत नाचणीचा चोथा करत, माकडं नारळ ठेवत नसत. बंदूक हे शेतीचं अवजार, कोयता तसा.

पण त्या अवजाराचे सोपस्कार सांगतो. भिंतीवर उंच दोन खुंट्यांना टांगलेली. दारू एका डब्यात, छर्रे दुसऱ्या खोलीत, आणि बार पेटवणाऱ्या केपांची डबी आजोबांच्या पेटीत, पेटीची किल्ली जानव्याला. ठासायचं म्हणजे आधी दारू, मग काथ्या, मग गज, मग छर्रे, शेवटी केप. एवढं होईपर्यंत माणसाचा राग निवतो, असं आजी म्हणायची. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यायची, निकालानंतर परत आणायची. नूतनीकरणाला तालुक्याला खेपा. आजोबांनी कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

तरीही आमच्या वाडीत डुकराच्या पारधीत एक जण गेला. झाडीत हललं म्हणून बार काढला, तर पलीकडे चुलतभाऊ. ज्याने बार काढला तो पुढे तीस वर्षं जगला, पण रानात गेला नाही. परवाना, कुलूप, पावती सगळं असून हे झालं. म्हणून कुलूप लावलं की संपलं, असं कुणी समजू नये. कुलूप नसतं तर काय झालं असतं, हेही आम्हाला माहीत आहे. भावाभावांत बांधावरून जी भांडणं झाली, त्यात हाताशी फक्त काठ्या होत्या. सगळे जिवंत आहेत, एकमेकांच्या लग्नाला जातात.

ग्रामीण_ओपीडी | ४ जून, पहाटे ५:४५

रात्रपाळी संपवून लिहितोय. यवतमाळ जिल्ह्यात काम करतो. मी बंदुकीची जखम आयुष्यात दोनदा पाहिली, पण भाजक यांच्या २७,३०० या आकड्याशी माझी रोजची ओळख आहे. आमच्याकडे त्या जागी फवारणीचं औषध असतं.

शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशक असतंच. खाटेखाली, बाजूला बियाण्याची थैली. कर्ज, नापिकी, सावकार, घरातली बोलाचाली, हे सगळं खरं आहे, त्यावर काम व्हायलाच हवं. पण नातेवाईक मला जे सांगतात ते बहुतेक वेळा असं असतं: "डॉक्टरसाहेब, अर्ध्या घंट्याची गोष्ट होती जी. सकाळी त चांगला चहा पेला." तो अर्धा तास आणि हाताशी असलेली वस्तू, या दोन गोष्टी एकत्र येऊ द्यायच्या नाहीत, हे माझं वीस वर्षांचं शिक्षण आहे. "कारण कर्ज आहे, बाटली नाही" असं इथे म्हणतात. अमेरिकेत "मारतो माणूस, बंदूक नाही" म्हणतात. दोन्ही वाक्यं ऐकायला पटतात आणि दोन्ही त्या अर्ध्या तासाला वगळून बोलतात. जो त्या वेळी वाचतो, तो पुढे बहुधा वाचतोच. अशा प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी नऊ जण नंतर आत्महत्येने जात नाहीत. बंदूक ही दुसरी संधी जवळजवळ ठेवतच नाही, म्हणून ती वेगळी.

श्रीलंकेने सर्वात विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. पीक बुडालं नाही.

आता एक कडू गोष्ट, कारण धागा कुलपावर चाललाय. त्याच श्रीलंकेत १८० खेड्यांत घरोघरी कीटकनाशकासाठी कुलपाच्या पेट्या वाटून मोठा अभ्यास झाला. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. विषप्राशन कमी झालं नाही. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, कारण आम्हीही अशाच पेट्यांचं स्वप्न पाहत होतो. पण विचार करा, किल्ली कुणाकडे होती? ज्याच्यासाठी कुलूप, त्याच्याच खिशात. मोठ्या माणसाला स्वतःच्या कुलपाने थांबवता येत नाही. मुलांचं तसं नाही, मुलाकडे किल्ली नसते. म्हणूनच अमेरिकेत ज्या राज्यांनी मुलांच्या हाती बंदूक लागू नये म्हणून कायदे केले, तिथे तरुण मुलांच्या आत्महत्या आणि चुकून लागलेल्या गोळ्या कमी झाल्याचे चांगले पुरावे आहेत. म्हणजे ताई, तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी आहे. मोठ्यांसाठी मात्र किल्ली दुसऱ्याच्या हाती हवी.

आणि अभ्यास न करता कुठलाही धोका कमी होत नाही. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांजवळ रात्र रात्र बसून नोंदी करत राहिले, तेव्हा कोकणात विंचू चावला की पोर गेलंच, असं धरून चालत. त्यांनी प्राझोसिन वापरून पाहिलं, आणि आज ते पोर घरी जातं. विंचू तेवढेच आहेत.

हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात असे विचार येत असतील तर भारतात १४४१६ (टेलिमानस) आणि अमेरिकेत ९८८ हे क्रमांक चोवीस तास चालू असतात. फोन करा. मराठीत बोलणारं माणूस १४४१६ वर मिळतं.

मेलबर्नची_माई | ४ जून, सकाळी ९:००

थोडक्यात लिहिते. आमच्याकडे २८ एप्रिल १९९६ ला पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली आणि बारा दिवसांत सगळ्या राज्यांनी मिळून कायदा ठरवला. पंतप्रधान जॉन हॉवर्ड उजव्या पक्षाचे होते, त्यांचे स्वतःचे मतदार चिडले होते, तरी केलं. साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारने विकत घेऊन वितळवल्या. आता बंदूक हवी तर कारण द्यावं लागतं, आणि स्वसंरक्षण हे कारण चालत नाही. शेजारी मेंढपाळ आहे, त्याच्याकडे रायफल आहे. पोलीस येऊन कपाट तपासून जातात, तो त्यांना चहा देतो.

ह्यूस्टनकर | ४ जून, सकाळी १०:४०

माई, तुमच्याकडे जमलं ते इथे जमणार नाही. तिकडे साडेसहा लाख, इकडे ३९ कोटी. शिवाय सक्तीने गोळा करणं हे इथल्या लोकांच्या मनात थेट जुलमाशी जोडलेलं आहे. मी याच्या विरोधातच मत देईन, हे लपवत नाही.

पण डॉक्टरसाहेबांचं ते किल्लीचं वाक्य वाचून उठलो आणि अंगणात जाऊन आलो. कुणाला सांगितलं नव्हतं, इथे लिहितो. दोन वर्षांपूर्वी नेमबाजीच्या रेंजवरचा एक मित्र, बायको सोडून गेलेली, नोकरी गेलेली, एका रविवारी माझ्या दारात आला. गाडीच्या डिकीत त्याच्या चारही बंदुका. म्हणाला, "काही दिवस तुझ्याकडे ठेव. का ते विचारू नकोस." मी विचारलं नाही. माझ्या तिजोरीत ठेवल्या. सात महिन्यांनी तो त्या घेऊन गेला. आता बरा आहे, मुलीच्या फुटबॉलला जातो.

त्या दिवशी मला वाटलं होतं, मी फक्त सामान ठेवून घेतोय. मी आजवर बंदुकीबद्दल जे जे बोललो त्यात हक्क होता, चोर होता, वादळ होतं. हा मित्र त्यात कधीच नव्हता. माझ्या रेंजवर याबद्दल बोलायला हवं, आणि ते माझ्यासारख्याच माणसाने बोलायला हवं, दुसऱ्याचं ते ऐकणार नाहीत.

ताई, माझी तिजोरी बोटाच्या ठशाने उघडते, गोळ्या वेगळ्या. पण पलंगाजवळच्या खणात एक भरलेलं पिस्तूल असायचं. माझा मुलगा चौदाचा आहे. काल रात्रीपासून तेही तिजोरीत आहे.

ग्रामीण_ओपीडी | ४ जून, दुपारी १:१५

ह्यूस्टनकर, तुम्ही त्या सात महिन्यांत जे केलंत ते मला माझ्या दवाखान्यात करता येत नाही. मनापासून आभार.

पोळपाट | ४ जून, दुपारी ३:००

गवती_चहा, मिशिगनचा नवा कायदा माहीत असेलच. २०२३ च्या १३ फेब्रुवारीला मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत तीन विद्यार्थी मारले गेले, आणि बरोबर एक वर्षाने, १३ फेब्रुवारी २०२४ पासून, जिथे मूल येण्याची शक्यता आहे तिथे बंदूक कुलपात ठेवणं तुमच्या राज्यात बंधनकारक झालं. पाहुणं मूलसुद्धा त्यात येतं. ऑक्सफर्डच्या त्या मुलाच्या आईवडिलांना २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शाळेतल्या अशा हत्याकांडासाठी आईवडिलांना दोषी धरण्याची अमेरिकेतली ही पहिली वेळ. म्हणजे तुमचा प्रश्न आता निव्वळ शिष्टाचाराचा राहिलेला नाही.

गवती_चहा | ८ जून, रात्री १०:२०

उशीर झाला, पण पूर्ण लिहायचं होतं.

गुरुवारी फोन केला. पोळपाटचं वाक्य पाठ केलं होतं, आयत्या वेळी विसरले. सरळच विचारलं, "तुमच्याकडे शिकारीच्या बंदुका असतील, त्या कुलपात असतात का? मी सगळ्यांनाच विचारायचं ठरवलंय." पलीकडे क्षणभर शांतता. मला वाटलं, संपलं. मग तिची आई म्हणाली, "थँक यू. मीही विचारायला हवं होतं, कधी धीर झाला नाही." आणि म्हणाली, येऊन बघून जा.

शनिवारी लेकीला सोडायला गेले तेव्हा तिच्या वडिलांनी तळघरात नेलं. माणसाच्या उंचीची राखाडी तिजोरी, आत तीन रायफली आणि एक शॉटगन, प्रत्येकीच्या चापाला वेगळं कुलूप. गोळ्या जिन्याखालच्या दुसऱ्या पेटीत. आकड्यांचं कुलूप त्यांनी माझ्याकडे पाठ करून उघडलं, तेवढ्याने मला सगळ्यात बरं वाटलं. आजोबांची एक जुनी बंदूकही दाखवली, चालत नाही, पण तीही आतच. मी सड्यावरचा यांच्या जानव्याच्या किल्लीची गोष्ट सांगितली. ते खूप वेळ हसले, मग म्हणाले, माझे आजोबा किल्ली बायबलच्या पेटीत ठेवायचे.

वर आलो. निघताना मी दारात असताना तिच्या आईने हात धरला. म्हणाली, "आता तू विचारलंस, तर मीही विचारते. तुमच्या स्वयंपाकघरात शेंगदाणे असतात का?"

तिच्या मुलीला शेंगदाण्याची जीवघेणी ॲलर्जी आहे. एक वर्ष ती पोरगी दर आठवड्याला माझ्या घरी येतेय, स्वतःचा डबा घेऊन. आईने तिला बजावलं होतं, तिथे काहीही खायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. आमच्या खाण्याला नावं ठेवली असं आम्हाला वाटेल, या भीतीने तिने मला कधी विचारलं नाही. मी दाण्याच्या कुटाने माखलेल्या हातांनी त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवलाय. साबुदाण्याची खिचडी परतत असताना ती ओट्याशेजारी उभी राहून लेकीशी गप्पा मारत असायची.

मी तिथेच पायरीवर बसले. मग तिच्या आईने इंजेक्शन दाखवलं, मांडीत कसं दाबायचं, किती सेकंद धरायचं, मग ९११. माझ्याकडून दोनदा करून घेतलं, सरावाच्या रिकाम्या पेनवर.

आज सकाळपासून स्वयंपाकघर काढलंय. कुटाचा डबा, दाण्याचं तेल, चिक्की, लसणीची चटणी, सगळं गॅरेजमधल्या कपाटात. त्याला कुलूप लावलं, किल्ली नवऱ्याकडे. मिक्सरचं भांडं तीनदा धुतलं, तरी रबराच्या चकतीखाली कूट निघालंच. नवं भांडं मागवलंय, ते फक्त ती येणार त्या दिवसासाठी. पुढच्या शनिवारी ती आमच्याकडे राहायला येतेय, आणि तिच्या आईने विचारलंय की या वेळी डबा न देता पाठवलं तर चालेल का.